न गळणारं जॅकेट आतून ओलं का होतं? दाभोळ खाडीकाठचं एक प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणीसाठी दोन वस्तू होत्या. एक तीन थरांचं ब्रीदेबल, म्हणजे पाणी अडवणारं पण घामाची वाफ बाहेर सोडणारं जॅकेट आणि एक पावसाळी पँट, दोन्ही चार पावसाळे वापरलेल्या. मालक गुहागर तालुक्यातला. रोज दुचाकीने धोपाव्याला येतो, फेरीबोटीने दाभोळला उतरतो, संध्याकाळी त्याच वाटेने परत. रविवार मोकळा मिळाला तर खेड तालुक्यातल्या रसाळगड-सुमारगड-महिपतगडाच्या वाटेवर. तक्रार एका दमात सांगून झाली: "जॅकेट गळतंय. चढावर आतला टी-शर्ट पिळून काढावा लागतो. नवीन घेऊ का?" या प्रतीचं नवीन जॅकेट पंधरा-वीस हजारांना पडतं, तेव्हा प्रश्न हौसेचा नव्हता.

जॅकेटचा पूर्वेतिहास विचारल्यावर बरंच हाती लागलं. दर पावसाळ्याच्या शेवटी ते घरच्या कपड्यांबरोबर धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजत पडायचं. वास जावा म्हणून शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर. पावसाळ्यात वाळायचं नाव नाही, म्हणून चुलीच्या वर दोरीला टांगायचं. गेल्या वर्षी मालकाने वॉटरप्रूफिंगचा स्प्रे आणून मारला, पण न धुता. फरक काही पडला नाही, उलट पाठीवर पांढरे पट्टे उमटले. त्यामुळे "ते स्प्रे-बिप्रे सगळं थोतांड" हे मत पक्कं झालेलं.

आधी गळतं का ते बघा

अशा तक्रारीत पहिलं काम स्प्रेची बाटली उघडण्याचं नाही. पाणी बाहेरून आत येतंय की आतलंच आत साठतंय, हे आधी ठरवायचं. त्याला कसलंही यंत्र लागत नाही.

जॅकेट वळणीवर नीट पसरून झारीने पाच लिटर पाणी दहा मिनिटांत सावकाश ओतलं. पाठीच्या खालच्या भागावर थेंब मोत्यासारखे उभे राहिले आणि घरंगळले. खांद्यांवर, बाह्यांच्या पुढच्या बाजूला आणि टोपीच्या माथ्यावर मात्र थेंब आधी पसरले, मग कापड गडद झालं. म्हणजे वरचं कापड पाणी पीत होतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोरडं जॅकेट ४५५ ग्रॅम भरलं होतं, झारीनंतर झटकून ठेवलं तर ६१० ग्रॅम. दीडशे ग्रॅम पाणी नुसत्या वरच्या कापडात.

दुसरी चाचणी खांद्याची. जॅकेट उलटं न करता खांद्याचा भाग रिकाम्या पातेल्यावर झोळीसारखा धरला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि खालून, म्हणजे अस्तराच्या बाजूला, टिश्यू पेपर लावून ठेवला. दहा मिनिटांनी कागद कोरडा. हीच झोळी शिवणींवर फिरवली. टोपी आणि कॉलरच्या जोडावर एका ठिकाणी कागद ओला झाला. तिथे शिवण झाकणारी आतली टेप सुमारे सहा सेंटिमीटर उचकटली होती. डाव्या बाहीवर कोपराजवळ टाचणीच्या टोकाएवढं एक भोक निघालं, बहुधा करवंदीच्या काट्याचं. बाकी पाणी अडवणारा मधला पडदा सगळा शाबूत.

थोडक्यात, टी-शर्ट पिळण्याइतकं पाणी या दोन जागांतून येणं शक्य नव्हतं. ते पाणी मालकाचंच होतं: घाम.

घाम बाहेर का जात नव्हता

अशा जॅकेटमध्ये वरचं नायलॉन, मधला पातळ पडदा आणि आतलं अस्तर हे तिन्ही एकमेकांना चिकटवलेले असतात. पाणी अडवण्याचं काम मधल्या पडद्याचं. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्याच जातीचा पदार्थ झटक्यात ताणून त्याचा सच्छिद्र पडदा मिळवला, तिथून ही सगळी वंशावळ सुरू होते. पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला फार लहान आणि वाफेच्या रेणूला भरपूर मोठी असतात. पण वरच्या नायलॉनला स्वतःचं असं काही येत नाही. त्याच्या तंतूंवर कारखान्यात एक पाणी झटकणारा थर चढवलेला असतो. धंद्यात त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. तो थर गेला की पडदा गळत नाही, पण नायलॉन भिजतं आणि पडद्यावर ओल्या फडक्याची घडी घातल्यासारखं होतं. वाफ जाणार कुठून? ती आतल्या थंड अस्तरावर थिजते आणि पाठीवरून ओघळते. घालणाऱ्याला वाटतं, जॅकेट गळलं.

इथे कोकणाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि परदेशी माहितीपत्रकांत तो सापडत नाही. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या ३४ अंशांच्या त्वचेजवळ हा दाब साधारण ५.३ किलोपास्कल असतो. हिमालयात ५ अंशांच्या हवेत, ती पूर्ण ओलसर धरली तरी, तो ०.९ च्या आसपास. फरक ४.४. जुलैत किनाऱ्यावर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तर बाहेरचाच दाब ३.२. फरक जेमतेम २.१ राहतो. तेच जॅकेट, तोच माणूस, पण वाफेला ढकलणारा जोर निम्म्याहून कमी. त्यात चढावर माणूस ताशी लिटरभर घाम सहज गाळतो. तेव्हा स्वच्छ, नवीन, महागडं जॅकेटसुद्धा रसाळगडाच्या चढावर आतून कोरडं राहणार नाही. हे मालकाला सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. नाहीतर दुरुस्ती कितीही नीट झाली तरी तक्रार कायम राहते. काखेतल्या चेन उघडणं आणि चढावर टोपी मागे टाकणं यांनी इथे जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच रसायनाने पडत नाही. भातलावणीतलं इरलं आठवून पाहा. ते अंगाला चिकटत नाही, खालून आणि बाजूने उघडं असतं, वारा खेळतो. ब्रीदेबल कापडाचा शोध लागायच्या कितीतरी आधी तो प्रश्न त्याने असा सोडवला होता.

मीठ

खांदे आणि बाह्यांची पुढची बाजूच का गेली याला दोन कारणं. खांद्यांवर सॅकचे पट्टे घासतात आणि घासून डीडब्ल्यूआर झिजतो. हे कुठेही होतं. पुढची बाजू मात्र फेरीबोटीने आणि दुचाकीने खाल्ली: खाडीचे तुषार, रस्त्यावरचं काळं पाणी, पुढच्या ट्रकचा डिझेलचा धूर.

त्यातही मीठ. मालकाने बोलता बोलता सांगितलं की हे जॅकेट पडवीत दोन-दोन दिवस टांगलं तरी "गार लागतं", तर मुलाचा साधा रेनकोट रात्रीत वाळतो. याचं उत्तर घरच्या मिठाच्या बरणीत आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, कारण आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली ओल ओढून स्वतः विरघळतं. खाऱ्या पाण्यातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल ओढू लागतं. जुलैत इथली हवा ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. म्हणजे खाडीचं मीठ कापडात आहे तोवर ते जॅकेट पूर्ण वाळणारच नाही, पंख्याखाली कितीही वेळ ठेवा. आणि सतत ओलसर राहिलेल्या कापडावर बुरशी धरते. कॉलरच्या आत काळे ठिपके होतेच.

चुलीनेही घोळ घातला होता. लाकडाच्या धुरात तेलकट डांबरी अंश असतो, तो नायलॉनवर बसतो. डीडब्ल्यूआरला पाणी झटकता येतं, पण वर तेलाचा थर आला की पाणी त्या तेलावर पसरतं. कॉलरवर खोबरेल आणि घाम, पुढून डिझेल, सगळीकडे धूर, धाग्यांत अडकलेली धुण्याची पावडर आणि त्यावर सॉफ्टनर. साबणाचं काम पाण्याची आणि तेलाची सोयरीक जुळवणं. तो कापडात उरला की पाण्याला आत बोलावतो. सॉफ्टनर तंतूंवर स्निग्ध थर सोडतो. गेल्या वर्षीचा स्प्रे या सगळ्या थरांवर बसला होता, नायलॉनपर्यंत पोचलाच नव्हता. स्प्रे थोतांड नव्हता, तो मळाला वॉटरप्रूफ करत होता.

धुलाई

पाणी कुठलं घ्यायचं, हा किनाऱ्यावर खरा प्रश्न. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, पण खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेपासून मचूळ होतात आणि पाऊस चांगला मुरेपर्यंत तशाच राहतात. मचूळ पाण्यात मीठ धुवायला जाणं म्हणजे शेणाने चूल पुसण्याइतकंही उपयोगाचं नाही, चूल निदान सारवली तरी जाते. या घरी उपाय अंगणात होता: पागोळीचं पाणी. पहिल्या आठ-दहा सरींनी कौलं धुऊन निघाल्यावर पागोळीखाली पिंप लावलं. पावसाच्या पाण्याहून मऊ पाणी मिळणार नाही. वर फडकं बांधून गाळून घेतलं, म्हणजे कौलावरचं शेवाळ येत नाही.

धुलाईचा क्रम असा झाला.

खिसे रिकामे केले, त्यात फेरीची तिकिटं आणि एक गंजलेला खिळा निघाला. सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद, टोपीच्या दोऱ्या सैल. वेल्क्रोचे काटे उघडे राहिले की धुताना तेच अस्तर ओरबाडतात.

आधी नुसतं पाणी, साबण नाही. बारा लिटरच्या टबात जॅकेट बुडवून वीस मिनिटं, मधूनमधून हाताने दाबून सोडणं. पाणी टाकलं, नवं घेतलं, असं तीनदा. शुद्धीकरण यंत्राचे मेकॅनिक वापरतात तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनाएवढा टीडीएस मीटर हाताशी होता. पहिल्या पाण्यात तो पिंपातल्या पाण्याच्या कितीतरी वर चढला, तिसऱ्यात जवळजवळ पिंपाइतकाच राहिला. मीटर नसेल तर याच टप्प्यावर, साबण लागण्याआधी, टबातला थेंब जिभेला लावून पाहता येतो. खारट लागलं तर चौथं पाणी.

मग कॉलर आणि मनगटं. त्यांवर तांत्रिक कपड्यांसाठीचा द्रव क्लीनर न पातळ करता मऊ स्पंजने लावून पंधरा मिनिटं ठेवला. निकवॅक्स, ग्रेंजर्स वगैरेंचे असे क्लीनर मिळतात. ते नसतील तर रंग-सुगंध नसलेलं साधं लिक्विड डिटर्जंट अगदी थोडं, पण मग खळबळून काढणं दुप्पट. साबणाची वडी, पावडर, ब्लीच, नीळ यांपैकी काही नको. ब्रश नको आणि दगडावर धोपटणं तर मुळीच नको, पडदा अस्तरापासून सुटतो. डिझेलचे डाग काढायला रॉकेल किंवा पेट्रोल लावायचा मोह होतो. त्याने डाग जातो आणि शिवणीच्या टेपचा गोंदही जातो.

मुख्य धुणं ४० अंशांच्या पाण्यात. थर्मामीटर नसला तरी चालतं: चार भाग पिंपातलं पाणी आणि एक भाग उकळतं पाणी मिसळलं की साधारण ४० अंश होतात. बारा लिटरमध्ये क्लीनर बाटलीवरच्या मापाने घेतला, जास्त नाही. क्लीनर जास्त घातला की तोही उरतो आणि मग पावडरीचंच पाप. दहा मिनिटं दाबत-सोडत धुतलं. पाणी चहासारखं झालं. तेव्हा मालक पहिल्यांदा गप्प बसला.

त्यानंतर फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळून काढणं. इथे पाच पाणी लागली. पिळायचं नाही. हँगरला टांगून पाणी आपोआप निथळू द्यायचं.

घरात सेमी-ऑटोमॅटिक मशीन होतं. ते मुद्दाम वापरलं नाही. खालची फिरकी कपडा पिळवटते आणि दुसऱ्या टबात पाणी न सोडणारं कापड फुग्यासारखं पाणी धरून ठेवतं. जोरात फिरताना तोल जाऊन मशीन उसळतं. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत वॉटरप्रूफ कपडे टाकू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फ्रंट लोड असेल तर नाजूक कपड्यांच्या फेरीवर, सर्वांत कमी स्पिनवर, दोनदा खळबळून चालतं. फक्त पावडरीचा खण आधी गरम पाण्याने धुऊन घ्यावा.

जॅकेट संध्याकाळी पडवीत टेबल फॅनसमोर टांगलं. सकाळी कोरडं. तीच पडवी, तसाच पाऊस, जॅकेटही तेच. फक्त मीठ गेलं होतं.

इस्त्री, आणि मग लेप

धुतल्यावर लगेच पाणी झटकणारा नवा लेप द्यायचा नाही. अनेकदा जुना थर गेलेला नसतो, नुसता आडवा झालेला असतो. डीडब्ल्यूआरच्या साखळ्या तंतूंवर गवताच्या पात्यांसारख्या उभ्या असतात असं समजा. घासण्याने आणि मळाने त्या लोळतात, उष्णतेने पुन्हा उभ्या राहतात. ड्रायर असेल तर कपडा सुकल्यावर आणखी वीस मिनिटं मंद उष्णतेवर फिरवायचा. कोकणातल्या घरात ड्रायर कुठला, म्हणून इस्त्री: वाफ बंद, एका ठिपक्याच्या खुणेवर, म्हणजे साधारण ११० अंश, जॅकेटवर सुती पंचा टाकून. एका जागी इस्त्री थांबवायची नाही, एका भागावरून तीन-चारदा फिरवायची. चेन, वेल्क्रो आणि प्रतिबिंब देणाऱ्या पट्ट्या टाळायच्या, त्या वितळतात. टोपीसाठी हेअर ड्रायर सोपा.

पुन्हा झारी, पुन्हा काटा: ५२५ ग्रॅम. लेपाचा एक थेंबही न लावता शोषलेलं पाणी १५५ वरून ७० ग्रॅमवर आलं. पाठ, छाती आणि बाह्यांची मागची बाजू नव्यासारखी. खांदे, टोपीचा माथा आणि बाह्यांची पुढची बाजू मात्र अजून गडद होत होती. तिथला थर झिजून गेला होता, उभं राहायला काही उरलंच नव्हतं. लेप तिथेच हवा होता.

बाजारात दोन प्रकार मिळतात. धुण्याच्या पाण्यात घालायचा लेप सगळीकडे बसतो, आतल्या अस्तरावरही. घाम टिपणारं अस्तर मग घाम टिपत नाही. जाळीचं अस्तर असलेल्या जॅकेटला आणि अशा अर्धवट झिजलेल्या कपड्याला स्प्रे बरा. इथे फ्लोरीनविरहित, पाण्यावर बनलेला स्प्रे वापरला. जुन्या लांब साखळीच्या फ्लोरीन रसायनांतून पीएफओए नावाचं, निसर्गात न विरणारं घातक रसायन सुटायचं, ते २०१९ मध्ये अशा रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि उद्योग आधी आखूड साखळ्यांकडे, मग फ्लोरीन सोडण्याकडे वळला. पर्यावरणाला ते चांगलंच, पण एक किंमत आहे. नवे लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत. म्हणून खोबरेल, सनस्क्रीन, डिझेल यांनी ते जुन्यापेक्षा लवकर निकामी होतात आणि जॅकेट जास्त वेळा धुवावं लागतं. "धुतलं की खराब होतं" ही समजूत आता तर पूर्ण उलटी झाली आहे.

स्प्रे मारताना जॅकेट ओलसर हवं, निथळणारं नको. हँगरवर, चेन बंद, पंधरा सेंटिमीटरवरून, वारा नसलेल्या पण उघड्या जागी. झिजलेल्या भागांवर दोन हात, बाकीवर एक हलका. दोन मिनिटांनी ओल्या फडक्याने जास्तीचा लेप टिपून घ्यायचा. गेल्या वर्षीचे पांढरे पट्टे हे टिपणं चुकल्यानेच आले होते, आणि यंदाच्या धुण्यात ते बहुतेक निघून गेले.

इथे एक चूक झाली, ती नोंदवायला हवी. लेप मारला त्या रात्री मुसळधार पाऊस आणि वीज गायब. पंखा बंद. सकाळी जॅकेट हाताला कोरडं लागलं म्हणून इस्त्री फिरवली. डाव्या खांद्यावर पंच्याखालून वाफ आली आणि तिथे ओंजळीएवढा भाग ठिपकेदार झाला, कारण शिवणीच्या दुहेरी कापडात ओल शिल्लक होती. लेप सुकण्याआधी उकळला की एकसारखा बसत नाही. तो भाग पुन्हा धुऊन पुन्हा लेपावा लागला. हाताला काय लागतं यावर जाऊ नये, काट्यावर वजन कोरड्याइतकं उतरलं का ते पाहावं. दुसऱ्या खेपेला तसं केलं. सुकायला दीड दिवस गेला.

शेवटची झारी: ४८० ग्रॅम.

शिवण आणि भोक

उचकटलेली टेप आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली, वाळू दिली, पंच्यावरून कोमट इस्त्रीने वीस सेकंद दाबली. सहापैकी चार सेंटिमीटर चिकटली असं वाटलं, दुसऱ्या दिवशी नखाने पुन्हा सुटली. जुना गोंद मेला होता. मग टेपखाली पॉलियुरेथेनचं सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवणारा गोंद, काडीने पातळ पसरलं आणि वर वजन ठेवून बारा तास सोडलं. हे सीलर हवेतल्या ओलीने घट्ट होतं. या सगळ्या प्रकरणात कोकणातली हवा कामी आली ती एवढ्याच ठिकाणी. तीच हवा उघडलेली नळीही महिन्याभरात दगड करून टाकते. टोपण घट्ट लावून पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली तर नळी टिकते.

कोपराच्या भोकाला चिकटणारं नायलॉनचं ठिगळ, कोपरे गोल कापून. चौकोनी कोपरा पहिल्याच आठवड्यात उचलतो. हे ठिगळ लेपाच्या आधी लावलं, कारण लेपावर काहीच चिकटत नाही.

पँट

पँटला फार वेळ द्यावा लागला नाही. आत पॉलियुरेथेनचा लेप असलेली ही स्वस्त जात. ती वर्षभर दुचाकीच्या डिकीत गुंडाळून, बहुतेक वेळा ओलीच ठेवलेली. उलगडताना चर्र आवाज आला, आतली बाजू हाताला गुळासारखी चिकटली, आंबूस वास आणि पांढऱ्या खपल्या. उष्णता आणि ओल मिळून पॉलियुरेथेनच्या साखळ्या तुटतात. उन्हात तापलेली डिकी ही त्यासाठी घरबसल्या मिळालेली भट्टी. यावर धुणं, लेप, इस्त्री कशाचाच उपाय नाही, इस्त्रीने तर ती पंच्याला चिकटते. वेल्क्रो, बकल आणि कमरेची दोरी काढून घेतली, बाकी टाकून दिली.

मालकाला नवी ब्रीदेबल पँट घेऊ नकोस असं सांगितलं. दुचाकीवर आणि फेरीवर साधा पीव्हीसीचा रेनसूट घालावा. बसून जाताना घाम बेताचा येतो, मीठ आणि डिझेल त्याच्यावर बसूदेत, नळाखाली धरला की स्वच्छ. ब्रीदेबल जॅकेट डोंगरासाठी राखावं. हे ऐकायला कमीपणाचं वाटतं, पण या जॅकेटची निम्मी झीज गडावर झालीच नव्हती, ती धोपावे-दाभोळ पाण्यात झाली होती.

पुढचे तीन आठवडे

ठरलं ते असं. फेरीवर चुकून जॅकेट घातलंच तर त्याच संध्याकाळी पागोळीखाली पाच मिनिटं धरायचं, साबण नाही. दहा-बारा दिवसांच्या वापरानंतर क्लीनरने धुणं. डासांचं मलम लावलेल्या हातांनी चेन आणि कॉलर हाताळायची नाही. त्यातलं डीट काही प्लास्टिक आणि कोटिंग मऊ करतं. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नाही आणि घट्ट गुंडाळून नाही, कपाटात हँगरवर सैल. पूर्वी कोकणात कपड्यांच्या कपाटात दमटपणा जावा म्हणून छोटा पिवळा बल्ब जळत ठेवायचे. आता घराघरात एलईडी आले, त्यांचा उजेड पडतो पण कपाट गरम होत नाही. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा झारी आणि काटा. दोन रविवारचे ट्रेक आणि अधूनमधून पाऊस झाल्यावर वजन ५०० ग्रॅम. वीस ग्रॅमची वाढ जवळजवळ सगळी खांद्यांवर, नेमकी सॅकच्या पट्ट्यांच्या रुंदीएवढी. पाठ आणि बाह्या जशाच्या तशा. सीलर लावलेल्या टेपखालचा टिश्यू कोरडा, कोपराचं ठिगळ जागेवर. रसाळगडाच्या चढावर टी-शर्ट अजूनही ओला होतो, पण पिळावा लागत नाही, असं मालकाचं म्हणणं. खांद्यांवर पट्ट्यापुरता एक हात स्प्रे गणपतीच्या आधी मारायचा ठरला, वीज असेल त्या दिवशी.